थंडीत गोठणारं तेल

२ डिसेंबर

ही सकाळच्या गाडीने माहेरी गेली. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय आणि त्यांच्याजवळ दुसरं कोणी नाही. दीड-दोन महिने तरी लागतील. निघताना हिने ही वही माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "रोज लिहायचं. खारूने काय खाल्लं, किती खाल्लं. डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय." मी म्हटलं, मी नळ दुरुस्त करणारा माणूस, मला कशाला वही-पेन. तर म्हणे, "कामाची डायरी लिहिता ना, तसंच लिहा." बायकोपुढे कोणाचं चाललंय.

म्हणून पुढून जेवणाचं लिहिणार आणि मागून हे. मागची पानं कोणाला दाखवायची नाहीत. घरात बोलायला कोणी उरलं नाही, तर कुठेतरी बोलायला नको का.

खारू म्हणजे आमची एकुलती एक लेक. सतरा पूर्ण झाली. लहानपणी दोन्ही गालांत खाऊ भरून बसायची, म्हणून खारूताई. आता गालच राहिले नाहीत. उन्हाळ्यात साखर सोडली, मग लोणी, मग तूप, मग तेल. आम्हाला आधी कौतुक वाटलं. पोरगी शिस्तीची आहे असं मीच चारचौघांत सांगत होतो. आता डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय: वीस तारखेला वजन करणार, आणि आणखी घटलेलं दिसलं तर घरी ठेवायची नाही, सरळ दवाखान्यात भरती.

आजचं जेवण: कोरडे टोस्ट दोन, काकडी, अर्धं सफरचंद. पुढे लिहिलं.

३ डिसेंबर

ओरडलो. नको होतं ओरडायला. ताटातल्या बटाट्याचं तिने कागदाने तेल टिपलं. एक एक फोड उचलून, पुसून, परत ठेवून. आणि शेवटी एकही खाल्ली नाही. माझं टाळकं सटकलं. "हे काय नाटक लावलंयस" वगैरे बोललो. तिने मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी टपटप ताटात पडत होतं.

मग मी उठून स्वयंपाकघरातला नळ आवळत बसलो. नळ चांगला होता.

५ डिसेंबर

आज पोरगी स्वतःहून बोलली. मी कांदा चिरत होतो आणि ती दाराशी उभी होती, माझा जुना स्वेटर घालून. म्हणाली, "बाबा, खोबरेल तेलात केलंस तर खाईन."

मी सुरी खाली ठेवली. "खोबरेल? डोक्याला लावतो ते?"

"खायचं वेगळं मिळतं. ते अंगाला लागत नाही, असं वाचलंय मी."

डॉक्टरीणबाईंना लगेच फोन लावला. त्या म्हणाल्या, "तेल ते तेल, अंगाला लागणारच. पण तिने स्वतः एक गोष्ट मान्य केलीय ना, मग द्या. फक्त खाते की नाही ते बघा." बघतो म्हटलं. बघायला काय, एवढी मोठमोठी गळती शोधून काढतो मी.

माझा जीव भांड्यात पडला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने ‘खाईन’ हा शब्द उच्चारला. हिला फोन करून सांगितलं तर ही फोनवरच रडायला लागली. सासूबाई मागून विचारत होत्या, काय झालं, कोण गेलं.

६ डिसेंबर

दुकानदाराने दोन बरण्या पुढे ठेवल्या. एक वासाची, एक बिनवासाची. मी दोन्ही घेतल्या. घरी आणेपर्यंत थंडीने दोन्ही मेणासारख्या पांढऱ्या घट्ट. मला वाटलं खराब माल दिला, परत गेलो भांडायला. दुकानदार हसला. म्हणाला, "अहो, थंडीत गोठतंच ते. कोमट पाण्यात बरणी ठेवा, पातळ होतं." माझा जोडीदार पान्या बरोबर होता. (सारखा ‘पाना दे, पाना दे’ करतो म्हणून पान्या. वीस वर्षं आम्ही जोडीने काम करतोय.) तो दुकानातच म्हणाला, "एवढं पाइपातलं कळतं तुला, बरणीतलं कळत नाही."

वासाच्या तेलात आमलेट केलं. आच मोठी ठेवली, तेल धुरावलं, घरभर धूर. खारूने खिडक्या उघडल्या आणि चक्क हसली. दुसरं आमलेट मंद आचेवर केलं, ते जमलं. ताट घेऊन खोलीत गेली, उद्या परीक्षा आहे म्हणून. थोड्या वेळाने रिकामं ताट आणून ठेवलं.

पूर्ण आमलेट. पुढच्या पानावर मी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

८ डिसेंबर

भाजी, भात, परतलेले बटाटे, सगळं खोबरेलात. बिनवासाचं रोजच्याला बरं. वासाच्या तेलात कोबी केली तर मलाच केस विंचरल्यासारखं वाटत होतं. ताट रिकामं येतं. रिकामंच काय, घासून धुऊन आणते. आईच्या मागे किती शहाणी झाली पोरगी. मी घरी असतो तेव्हा टेबलावर बसत नाही एवढंच. म्हणते, कोणी बघत असलं की घास घशाखाली उतरत नाही. मी म्हटलं, बाई, तू गच्चीवर जाऊन खा, झाडावर चढून खा, पण खा.

११ डिसेंबर

अंगात आलं आणि केक करायला घेतला. तिच्या फोनवरूनच कृती काढली, लोण्याऐवजी खोबरेल. तेल छान पातळ केलं, साखर घातली, आणि फ्रिजमधलं गार दूध ओतलं. झालं. तेलाच्या गुठळ्या गुठळ्या, नासल्यासारखं दिसायला लागलं. घुसळघुसळ घुसळलं तरी ऐकेना. तसंच भाजलं. वरून तेलकट, आतून वीट. पान्याने एक तुकडा चावून बघितला आणि म्हणाला, याने भिंतीतलं भोक बुजवू.

बाजारातल्या बेकरीवाल्या बाईंचा नळ दुरुस्त करायला गेलो होतो, त्यांना विचारलं. पिठाचे हात कमरेवर ठेवून त्यांनी माझी शिकवणीच घेतली. "दूध कोमट करा. अंडी तासभर आधी बाहेर काढून ठेवा. गार वस्तू लागली की हे तेल लगेच आखडतं. आणि लोण्यापेक्षा जरा कमीच घ्या, लोण्यात पाणी असतं, यात नुसतं तेलच." मग विचारलं, "कोणासाठी एवढा खटाटोप?" मी सांगितलं. सगळं नाही, थोडंसं. बाईंनी मला दोन वेलदोडे कागदात बांधून दिले.

१२ डिसेंबर

जमला. कोमट दूध, बाहेर काढलेली अंडी, आणि तेल मलमाइतकं मऊ. वर सोनेरी, आत जाळीदार. खारू ओव्हनसमोर उकिडवी बसून बघत होती. मी तुकडा कापून दिला. तिने माझ्यासमोर एक कोपरा तोडला, तोंडात घातला, बराच वेळ चावला. "मस्त झालाय, बाबा."

मी संडासात जाऊन रडलो. लिहायला लाज कसली, मागचंच पान आहे.

उरलेला तुकडा तिने खोलीत नेला. अर्ध्या तासाने बशी धुऊन आणली.

१४ डिसेंबर

एक लबाडी करतोय, ती इथे कबूल करतो. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या कमी घ्या, मी दीडपट घेतोय. भाजीतसुद्धा. वर तवंग दिसला की भाजी हलवून खाली दडवतो. पोरीला फसवतोय, पण तिच्याच भल्यासाठी. तेवढंच जास्त पोटात जाईल. एवढा हुशार मी शाळेत असतो तर नळ आवळत बसलो नसतो.

तिला थंडी फार वाजते. घरात दोन दोन स्वेटर. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून किती वेळ उभी असते. मी म्हटलं, अगं पाणी जपून वापर. "हात गार पडतात, बाबा" म्हणाली. हात हातात घेतला. खरंच गार, आणि किती हलका. गरम पाण्यावरून पोरीला बोलायचं म्हणजे काय.

१६ डिसेंबर

बाथरूमच्या बेसिनचं पाणी हळू उतरतंय. केस असणार. तिचे केस फार गळतात, कंगव्यात गुंताच्या गुंता. एकदा जाळीवरचे केस काढले, तरी फरक नाही. बघू रविवारी. लोकांकडे धावत जातो आणि स्वतःच्या घरचं राहतं, हे आमच्या धंद्यात चालायचंच.

रात्रीचं जेवण उरकल्यावर तिला म्हटलं, ये, थोडं खोबरेल डोक्यालाही लावून देतो. लहान असताना मीच लावायचो. लगेच येऊन खाली बसली. बोटं केसांत घातली तर टाळू लागली. एवढा विरळ भांग मी माझ्या आजीचा बघितला होता. "बाबा, किती जोरात चोळतोस" म्हणाली. मी अजिबात जोरात चोळत नव्हतो.

पण आता खायला लागलीय. केस येतील हळूहळू.

१९ डिसेंबर

उद्या वजन. हिचे सकाळपासून चार फोन. रात्री खीर केली, तांदळाची, वरून खोबरेलात परतलेला सुकामेवा. वाडगं रिकामं.

२० डिसेंबर

वजन तेवढंच. घटलं नाही.

नर्सने काट्यावर पाठमोरी उभी केली, म्हणजे आकडा तिला दिसत नाही. स्वेटर काढायला सांगत होती. मीच म्हटलं, राहू द्या हो, गारठेल पोर. नर्स म्हणाली, बरं.

डॉक्टरीणबाईंनी वही पुढून मागून चाळली. मागून चाळताना माझी पाचावर धारण बसली, पण त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढं खाते, तर वजन वाढायला हवं होतं." खारूला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुमच्यासमोर खाते ना?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? मी कामावर असतो, ती खोलीत खाते, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण मग त्या म्हणाल्या असत्या, म्हणजे तुम्हाला माहीतच नाही. आणि मला माहीत आहे. सतरा वर्षं पोरीला ओळखतो. ती ‘खाईन’ म्हणाली म्हणजे खाते. मला तो प्रश्नच आवडला नाही. नवऱ्याला विचारतात तसा, बायको कुठे जाते माहितीय का.

पुढची तारीख तीन जानेवारी. बसमध्ये खारू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. हिला फोन केला. ही म्हणाली, "तुम्ही करून दाखवलंत." लग्नाला बावीस वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. दिवसभर हवेत होतो.

२४ डिसेंबर

बिस्किटं केली. खोबरेलाची बिस्किटं लोण्याच्यापेक्षा खुसखुशीत होतात, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. गार पिठाला हात लावला की तेल विरघळतं, म्हणून चमच्याने पाडायची. पान्याच्या बायकोनेही कृती मागून घेतली. पान्या म्हणतो, धंदा बदल. मी शेफारलोय असं त्याचं म्हणणं.

गाजराचा केकही केला. खारू आठ बिस्किटं डब्यात घेऊन क्लासला जाते आणि डबा रिकामा आणते.

जिना चढताना मधेच थांबली आज. दुसऱ्या मजल्याला. मी म्हटलं, काय म्हातारे, दम लागला? हसली. कठड्याला धरून उभी होती. सर्दी झाली असेल.

२७ डिसेंबर

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. कधी येत नाहीत, म्हणून मी खुर्ची पुढे केली, तर बसल्याच नाहीत. "अहो, तुमचं पाणी माझ्या बाथरूममधून वर येतंय. पांढरं पांढरं तरंगतंय त्यावर."

"साबण असेल, काकू."

"साबण मला कळतो. आणि तुम्ही स्वतः प्लंबर, तुमच्याच घराखाली राहून मी कोणाला बोलवू?"

तोंडात मारल्यासारखं झालं. शनिवारी करतो म्हटलं. खारू खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. काकू गेल्यावर म्हणाली, "बाबा, आजच कर ना. किंवा नको. दुसऱ्या कोणाला सांग." मी म्हटलं, दुसऱ्याला सांगितलं तर पान्या मला जगू देईल का.

३० डिसेंबर

सगळं लिहितो. क्रमाने लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

सकाळी पान्या आला. खारू क्लासला गेली होती. आधी बेसिनखालचा ट्रॅप उघडला, म्हणजे ती वाटीसारखी बाटली असते ना, जिच्यात घाण अडकते. ती हाताने फिरेना. पाना लावून फिरवली तर आतून पाणी आलंच नाही. एक पांढरा गट्टू निघाला. मेणबत्तीसारखा, अख्खा, बाटलीच्या आकाराचा. मग पाइप मोकळा करायची लांब स्प्रिंग आत मारली तर भिंतीतल्या पाइपातूनही तेच. तुकड्यावर तुकडे. बादली अर्धी भरली.

पान्याने एक तुकडा नाकाशी नेला. "खोबरेल रे. डोकी धुता काय बेसिनमध्ये?" हसत होता. मग त्याने तो तुकडा बोटांनी फोडला आणि आतून बेदाणा निघाला. मग भाताची शितं. मग गाजराचा कीस, नारिंगीचा नारिंगी.

पान्याचं हसू थांबलं. त्याला पोरीचं सगळं माहीत आहे. त्याने हात पुसले, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "मी खाली गाडीजवळ थांबतो. हाक मार."

मी तिथेच फरशीवर बसलो. मला सगळं ओळखू येत होतं. वरच्या थरात चोवीस तारखेचा गाजराचा केक, त्याच्या खाली खिरीचे तांदूळ, त्याच्या खाली कोबी. पुढच्या पानांवर मी तारखा घालून जे लिहिलं होतं ते सगळं त्या बादलीत होतं. गरम पाणी सोडून बोटांनी कुस्करून घालत होती. गरम होतं तोवर जायचं, पुढे भिंतीतल्या गार पाइपात गेलं की आखडायचं. आणि मी वर दीडपट तेल. साधं तेल असतं तर वाहून गेलं असतं, मला कधी कळलंही नसतं. वीस वर्षं लोकांना सांगत आलोय की बाबांनो, स्निग्ध काही बेसिनमध्ये ओतू नका, थंडीत बसतं. माझ्या घरात पाणी तुंबलेलं मला चौदा दिवस दिसत होतं आणि मी केसांवर ढकललं.

किती वेळ बसलो कोण जाणे. चावी फिरल्याचा आवाज आला. खारू बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली. खांद्यावर दप्तर तसंच. बादली बघितली, मला बघितलं.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. बाप म्हणून काहीतरी. आणि तोंडातून निघालं काय, तर "अगं, पाइप तुंबतो ना."

"सॉरी," ती म्हणाली.

मग तीही खाली बसली, दाराच्या चौकटीला टेकून. "पहिलं आमलेट मी खाल्लं होतं, बाबा. निम्मं. आणि पहिल्या केकचा तुकडा. खरंच प्रयत्न करत होते. नंतर नाही जमलं. पण तू एवढा खूश होतास. आईला फोनवर सांगत होतास. मग मी कशी सांगणार होते?"

"पण तूच म्हणालीस, खोबरेलातलं खाईन."

"मला वाटलं होतं जमेल."

मी तिला जवळ घेतलं. दोन स्वेटरच्या आत काही नव्हतंच. आतापर्यंत ओरडून बघितलं, गोड बोलून बघितलं, शिजवून बघितलं. हात टेकले. सतरा वर्षांच्या पोरीला भूक कशी लावायची, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

"आता काय करायचं?" तिने विचारलं. मला विचारलं.

"मला माहीत नाही गं," म्हटलं.

३१ डिसेंबर

तीन तारखेपर्यंत थांबलो नाही, डॉक्टरीणबाईंना आजच फोन केला. सगळं सांगितलं. ‘समोर खाते’ म्हणालो ते खोटं होतं, तेही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या म्हणाल्या, "आत्ता घेऊन या."

या वेळी स्वेटर काढून वजन केलं. आकडा मला दाखवला. लिहीत नाही. भरती करून घेतलं.

हिला फोन करायला हात धजेना. शेवटी केला. ही ओरडली नाही, रडली नाही. विचारलं, "मग तुम्ही वहीत रोज काय लिहीत होतात?" खरंच, काय लिहीत होतो? ताट काय वाढलं ते. रिकामं आलं ते. तिने काय खाल्लं, ते एका ओळीतही नव्हतं.

४ जानेवारी

सासूबाईंजवळ त्यांची पुतणी आली, ही परत आली. स्टेशनावरून सरळ दवाखान्यात. खारूला बघून बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसली. मला वाटलं आता बोलेल. माझ्या शर्टाला तेलाचा डाग होता तो नखाने खरवडत बसली. "निघत नाही हो हा," एवढंच म्हणाली.

घरी जाऊन हिने दोन्ही बरण्या कपाटात मागे सारल्या. टाकून दिल्या नाहीत. मीही टाकू म्हटलं नाही.

खालच्या काकूंनी दारात सूप आणून ठेवलं होतं. त्यांचं बाथरूम आता ठीक आहे.

६ जानेवारी

दवाखान्यातले नियम ऐका. तिची कुठलीच अट चालत नाही. तेल कुठलं, लोणी कुठलं, विचारायचं नाही. येईल ते खायचं. प्रत्येक जेवणाला घरचं एक माणूस समोर बसणार, पाऊण तास. विनवायचं नाही, रागवायचं नाही, गप्पा हव्या तर हवामानाच्या मारायच्या. आणि नजर हटवायची नाही. शेवटी नर्सला सांगायचं, किती खाल्लं. सकाळ-संध्याकाळ ही बसते. दुपार माझी.

काल पहिल्या दुपारी माझी हिंमतच झाली नाही. तिने घास उचलला आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो. वळून बघतो तर घास रुमालात. नर्सने रुमाल उघडून माझ्यासमोर धरला. मी मान खाली घातली.

९ जानेवारी

ब्रेड, त्यावर लोणी, उकडलेलं अंडं, बटाटे. साडेबाराला ट्रे आला.

खारूने ब्रेडचा तुकडा तोडला आणि हातातच धरून ठेवला. मी म्हटलं, आज ऊन बरं पडलंय. ती म्हणाली, हो. मग ऊन संपलं. दहा मिनिटं गेली असतील.

"बाबा, बघू नकोस ना."

"बघणार मी."

"दोनच मिनिटं तिकडे बघ. प्लीज. मी खाते खरंच. तू बघतोस ना, म्हणून जात नाही खाली."

तोच आवाज. पाच डिसेंबरला दारात उभी राहून बोलली होती तोच. माझी मान वळत होती, मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. पोरगी मागतेय काय, तर दोन मिनिटं. एवढंही द्यायचं नाही म्हणजे मी कसला बाप. डोळ्यांत पाणी आलं, तिचा चेहरा धूसर दिसायला लागला, तरी पुसायला हात उचलला नाही.

"मला तू आवडत नाहीस," ती म्हणाली.

"बरं," म्हटलं.

तिने घास तोंडात घातला. चावताना रडत होती. गिळला. पाणी प्यायली. माझ्याकडे रागाने बघून दुसरा तोडला. तिसऱ्याला फार वेळ लागला, ओकारी आली, तोंडावर हात धरून बसली. मी उठलो नाही. मग एक बटाट्याची फोड. मग ट्रे पुढे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी पाठीवर हात ठेवला तर अंग चोरून घेतलं.

नर्स कागद घेऊन आली. "किती?"

"ब्रेडचे तीन घास, बटाट्याची एक फोड."

"नक्की?"

"नक्की. बघितलंय मी."